लो-कार्ब आहार: काय मोजायचं, काय सोडायचं आणि रिकाम्या जागी काय वाढायचं

लो-कार्ब म्हणजे नेमके किती कार्ब, म्हणजे कर्बोदकं, हा आकडा हातात नसतानाच बरेच जण सुरुवात करतात. भात सुटतो, साखर सुटते, ब्रेड सुटतो आणि पंधरा दिवसांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर संध्याकाळी भुकेने डोकं फिरतं आणि बिस्किटांचा अख्खा पुडा संपतो. नाही तर भाताच्या रिकाम्या जागी काजू, चीज आणि लोणी येऊन बसतं आणि वजनकाटा जागचा हलत नाही. कार्ब सोडणं त्या मानाने सोपं आहे. ताटातल्या त्या मोकळ्या जागेत काय आणि किती घ्यायचं, तिथे बहुतेकांचं गणित चुकतं.

आधी आकडा ठरवा

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमच्या पट्ट्यात उतरलात की तो कीटो. कीटो आहार मुळात वजनासाठी निघालाच नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. तो कडक असतो, बाहेर जेवताना सांभाळणं अवघड जातं आणि देखरेखीशिवाय करण्यासारखा नाही. नवख्या माणसाने ८० ते १२० ग्रॅमच्या दरम्यान राहावं, असं आमचं मत आहे. या पातळीवर थोडा भात, थोडी डाळ, एखादं फळ बसतं आणि घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

यात जादू मात्र नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डाएटफिट्स या चाचणीचे निष्कर्ष आले. ६०९ जणांना १२ महिने कमी-स्निग्ध किंवा कमी-कार्ब आहारावर ठेवलं होतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोंनी. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता. साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, हा सल्ला दोन्ही गटांना होता. लो-कार्ब निवडायचा तो एवढ्यासाठी की काहींना त्यात भूक कमी लागते आणि मग कमी खाणं जड जात नाही. तुमचं तसं होत नसेल तर हट्टाने त्यातच अडकून राहण्याचं कारण नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी कोणी सुरू करू नये

इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे मधुमेही. औषधाचा डोस जुन्या जेवणावर बेतलेला असतो. जेवणातले कार्ब निम्मे झाले आणि डोस तसाच राहिला, तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी कीटोन ही आम्लं रक्तात धोकादायक प्रमाणात साठणं, होऊ शकतो आणि साखर ठीक दिसते म्हणून तो लक्षातही येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवीवाटे पाणी काढणाऱ्या, पहिल्याच आठवड्यात जास्त होऊ शकतात. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं वॉरफेरिन हे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो.

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रुग्ण, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, वाढीच्या वयातली मुलं आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेले यांनी हा लेख वाचून काहीही सुरू करू नये.

पायरी १: तीन दिवस काहीही न बदलता मोजा

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. रोजचंच खा, फक्त लिहून ठेवा. दोन दिवस कामाचे आणि एक सुट्टीचा. सुट्टीच्या दिवशी आकडा बहुधा मोठा निघतो.

मोजताना सगळ्यात मोठी चूक कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ८० ग्रॅम कार्ब असतात. तोच तांदूळ शिजून २८० ते ३०० ग्रॅम होतो. त्यात फक्त पाणी वाढलेलं असतं, कार्ब तेवढेच राहतात. म्हणजे १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम. ताटातला भात तोलून त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावला की हिशेब जवळजवळ तिप्पट फुगतो. उलट केलं तर १०० ग्रॅम कच्चा तांदूळ शिजवून खाल्लेला माणूस वहीत २८ लिहितो आणि 'एवढं कमी खाऊनही वजन का उतरत नाही' म्हणून कपाळाला हात लावतो. रिकामं ताट काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, भात वाढा, वहीत 'शिजलेला' असं लिहा. डाळी आणि कडधान्यांनाही हेच लागू.

वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. कंबरेचं माप सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घ्या. काटा थांबतो तेव्हा हे माप उपयोगी पडतं.

पायरी २: प्रोटीन आधी ताटात

कार्ब कमी केले आणि प्रोटीन तेवढंच ठेवलं, तर भूकही राहते आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. मूत्रपिंडं निरोगी असतील तर शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरा. ८० किलोच्या माणसाला दिवसाला ९६ ते १२८ ग्रॅम. वजन बरंच जास्त असेल तर आजच्या वजनाऐवजी गाठायच्या वजनाने गुणा, नाही तर आकडा विनाकारण मोठा येतो.

एका अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात ३० च्या आसपास, शिजलेल्या माशात २० ते २५, पनीरमध्ये सुमारे १८, शिजलेल्या डाळीत ९, साध्या दह्यात जेमतेम साडेतीन. शाकाहारी माणसाची अडचण इथे दिसते. डाळीतून ९ ग्रॅम प्रोटीन घेतलं की सोबत २० ग्रॅम कार्ब येतात, त्यातले ८ तंतू (फायबर) असले तरी. नुसत्या डाळीवर दिवसाचं प्रोटीन भागवायला गेलात तर कार्बचा आकडा हाताबाहेर गेलाच म्हणून समजा. शाकाहाऱ्यांनी टोफू, पनीर, घट्ट दही आणि सोया चंक्सवर भर द्यावा आणि लक्ष्य ८० ऐवजी १०० ते १३० ठेवावं. अंडी चालत असतील तर काम बरंच हलकं होतं.

पायरी ३: कार्ब कुठे दडलेत ते बघा

साखर, सरबतं, बेकरीचे पदार्थ, फळांचा रस हे तर जायलाच हवेत. कोलाच्या ३३० मिलीच्या डब्यात ३५ ग्रॅम साखर असते आणि २५० मिली संत्र्याच्या रसातही २६ ग्रॅम कार्ब असतात, घरी काढला तरी. मध 'नैसर्गिक' म्हणून सुटत नाही. मोठ्या चमच्याला १७ ग्रॅम.

बाकीचे ढोबळ आकडे, १०० ग्रॅममागे एकूण कार्बचे: उकडलेला बटाटा २०, ब्रेड ४९ (३० ग्रॅमच्या एका स्लाइसला साधारण १५), केळं २३, द्राक्षं १८, सफरचंद १४, स्ट्रॉबेरी ८. भाज्यांमध्ये कांदा ९, गाजर १०, कोबी ६, फ्लॉवर ५, टोमॅटो ४, पालक आणि काकडी साडेतीनच्या जवळपास. सुक्यामेव्यात बदाम २२ पण त्यातले १२ हून जास्त तंतू. काजू ३० आणि तंतू फक्त ३. दोघांना एकाच बरणीत ठेवू नका, हे आम्ही अगदी गंभीरपणे सांगतो आहोत.

जमिनीवर वाढणाऱ्या पालेदार, हिरव्या भाज्या पोटभर खा, त्या मोजत बसू नका. मोजायचं ते धान्य, डाळ, कंद, फळ, दूध आणि सुकामेवा.

एकूण कार्ब मोजायचे की तंतू वजा करून 'निव्वळ' कार्ब, यावर लोक तावातावाने भांडतात. ८० ते १२० च्या पातळीवर एकूणच मोजा. वजाबाकीची सवय लागली की पाकिटबंद 'कीटो' बिस्किटंही कागदावर २ ग्रॅमची होतात.

पाकिटावरचा तक्ता वाचताना देश बघा. अमेरिका आणि कॅनडातल्या लेबलवर कार्बच्या आकड्यात तंतू धरलेले असतात. युरोप, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ते वेगळे दाखवतात, म्हणजे तिथला आकडा आधीच निव्वळ असतो. त्यातून तंतू पुन्हा वजा केले तर हिशेब खोटा होतो. शिवाय 'शुगर-फ्री' पाकिटावर घटकांची यादी वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासूनच बनतं आणि झपाट्याने पचतं. माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतंच आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं. आकडा १०० ग्रॅमचा आहे की 'एका सर्व्हिंग'चा हेही बघा. सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं असू शकतात.

पायरी ४: स्निग्ध पदार्थ चवीपुरते

'लो-कार्बमध्ये तूप-लोणी हवं तेवढं' हा सल्ला जितका लोकप्रिय आहे तितकाच वजन अडवून ठेवणारा आहे. एक ग्रॅम कार्ब किंवा प्रोटीनमध्ये ४ कॅलरी, एक ग्रॅम स्निग्धात ९. तेलाचा एक मोठा चमचा १४ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. कढईत बाटली वाकडी करून तेल ओतलं की तीन चमचे कधी पडले ते कळतही नाही. ३६० कॅलरी म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम भात. भात सोडून कमावलेलं सगळं कढईत गेलं.

तेल चमच्याने घ्या. बदाम मुठीने घेऊ नका, मोजून घ्या. २५ ग्रॅम म्हणजे साधारण २० दाणे.

एक दिवस कसा दिसतो

सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट, त्यात ३० ग्रॅम कांदा आणि एक टोमॅटो, सोबत १०० ग्रॅम साधं दही: ११ ग्रॅम कार्ब. दुपारी १५० ग्रॅम शिजलेलं चिकन, २०० ग्रॅम फ्लॉवरची भाजी, काकडी आणि ७५ ग्रॅम भात: ३५ ग्रॅम. मधल्या वेळी २५ ग्रॅम बदाम आणि १०० मिली दूध घातलेला बिनसाखरेचा चहा: साडेदहा. रात्री १०० ग्रॅम मासा, १५० ग्रॅम पालक आणि १०० ग्रॅम शिजलेली डाळ: २५. एकूण ८२ ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन ११० च्या पुढे. दिवसभरात तेलाचे तीन लहान चमचे.

या दिवसात भात आहे, डाळ आहे, दही आहे. ७५ ग्रॅम भात ताटात किती दिसतो ते एकदा तोलून बघा. लहान वाटीच्या निम्म्याहून थोडा जास्त. हे दृश्य डोळ्यांत बसलं की बाहेर काट्याची गरज उरत नाही.

पहिले चौदा दिवस

पहिल्या आठवड्यात वजन एक ते तीन किलोंनी उतरतं आणि लोक हुरळून जातात. शरीर कार्ब ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं: यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या जवळपास. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब कमी झाले की हा साठा घटतो आणि पाणी निघून जातं. त्यात चरबी थोडीच असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो आणि तिथे निराश होऊन पुष्कळ जण सोडून देतात, खरं तर चरबी उतरायला तेव्हाच सुरुवात झालेली असते. पुढचा योग्य वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो. त्याहून घाईने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखणं, उठल्यावर अंधारी येणं, थकवा, पायात गोळे हे कार्ब फारच खाली नेलेल्यांना जास्त होतं. इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात, त्याच्यामागे पाणीही जातं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसलं तर मीठ आणखी पातळ होतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर पाव लहान चमचा मीठ घातलेलं गरम सूप दिवसातून एकदा, चार-पाच दिवस घ्या. बहुतेकांना त्याने बरं वाटतं. ज्यांना मीठ मर्यादित ठेवायला सांगितलं आहे त्यांनी हा उपाय करू नये, कार्ब थोडे वाढवावेत.

बद्धकोष्ठ झालं तर बहुधा धान्याबरोबर तंतूही गेलेले असतात आणि भाजी वाढलेली नसते. रोज किमान ४०० ग्रॅम भाजी आणि पाण्यात भिजवलेला एक मोठा चमचा इसबगोल, वर भरपूर पाणी. तोंडाला फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल तर तो ॲसिटोन या कीटोनचा आहे. म्हणजे तुमचे कार्ब तुम्ही समजता त्यापेक्षा बरेच कमी झालेत. मधुमेह असताना असा वास, मळमळ आणि धाप एकत्र आली तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या विकत घेऊ नका. या पातळीवर त्यांचा रंग बदलला काय, न बदलला काय, सारखंच.

काटा थांबला तर

आधी खरंच थांबलाय का ते बघा. एका दिवसाचं वजन खारट जेवण, मासिक पाळी, झोप यांनी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. सात दिवसांची सरासरी काढा आणि आधीच्या सात दिवसांशी ताडा. तीन आठवडे सरासरी हलली नाही आणि कंबरही तेवढीच असेल, तर पुन्हा तीन दिवस सगळं तोलून लिहा. चोर बहुतेक वेळा तेल, सुकामेवा, चीज, दुधाचे चहा किंवा 'चव बघण्या'त सापडतो. कार्ब १०० वरून ५० वर आणण्याची घाई करू नका. कॅलरी तेलातून येत असतील तर त्याने काहीच साधत नाही.

दारूचा हिशेबही इथेच करा. मद्यार्काच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, कार्ब शून्य लिहिलेले असले तरी.

आठवड्यातून दोनदा वजनं उचला किंवा बैठका, जोर असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम करा. चालणं चांगलंच आहे, पण स्नायू टिकवायला ते पुरत नाही.

सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी रक्तातली चरबी तपासून घ्या. ट्रायग्लिसराइड्स बहुतेकांचे उतरतात. काहींचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, मात्र वाढतं, कधी कधी बरंच. तसं झालं तर लोणी, तूप, चरबीयुक्त मांस कमी करून मासे, बिया आणि वनस्पती तेलांकडे वळा आणि पुन्हा तपासा. 'वजन उतरतंय ना, मग एलडीएल वाढलं तर काय' असं म्हणून तो कागद फाइलमध्ये टाकू नका.

वजन गाठल्यावर

जुन्या जेवणावर एकदम उडी मारू नका. दर आठवड्याला रोजच्या कार्बमध्ये १० ते १५ ग्रॅमची भर घाला: एका आठवड्यात एक फळ, पुढच्या आठवड्यात अर्धी वाटी डाळ किंवा कडधान्य. प्रोटीन आणि भाजी होती तेवढीच ठेवा. कार्ब वाढले की ग्लायकोजेन पुन्हा भरतं, त्याबरोबर पाणीही परत येतं आणि काटा एक-दीड किलो वर सरकतो. पहिल्या आठवड्यात गेलेलं पाणीच ते. कंबरेचं माप तेवढंच असेल तर काही बदलू नका. सात दिवसांची सरासरी सलग तीन आठवडे चढत राहिली, तर शेवटची भर काढून घ्या आणि त्याआधीच्या आकड्यावर थांबा. बहुतेकांचा तो आकडा १३० ते १८० ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी निघतो, आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांचा त्याहूनही वर.